तिसऱ्या मजल्यावरची डोरीन

दुपारचं जेवण उरकलं आहे. स्वयंपाकघरात रोहिणी भांडी विसळते आहे आणि आतल्या खोलीत तिची आई, मंदाकिनी दाबके, घटकाभर आडवी झाली आहे. पंचाहत्तरीची बाई. डोळे मिटले तरी खिडकीतला उजेड पापण्यांमागे लालसर दिसतो आहे. भांड्यांचा आवाज हळूहळू लांब जातो, मऊ होतो, आणि मग तो भांड्यांचा राहतच नाही. गालिच्यावरून चाकं सरकल्यासारखा होतो.

“आलीस?” डोरीन विचारते.

सरकारी कचेरीचा तिसरा मजला. लांबलचक पॅसेज, दोन्ही कडेला व्हीलचेअर, गाद्या, पांघरुणं, भिंतींना टेकवलेल्या कुबड्या. माणूस मात्र एकही नाही, फक्त डोरीन. गालिच्यावर उताणी पडली आहे. सव्वीस वर्षांचीच आहे अजून. मराठीत बोलते आहे, आणि मंदाकिनीला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की ही तर सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये गेली.

त्या वर्षी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा होऊन चार वर्षं लोटली होती, पण तो लागू करायच्या नियमांवर सही होत नव्हती. म्हणून एप्रिलमध्ये ठिकठिकाणी अपंग माणसं सरकारी कचेऱ्यांत शिरली आणि सही होईपर्यंत उठणार नाही म्हणून बसली. डोरीनही बसली. एकोणिसाव्या वर्षी तळ्यात सूर मारताना तिची मान मोडली होती. गळ्याखाली काही कळायचं नाही. नुकती साताऱ्याहून आलेली मंदाकिनी तिच्याकडे कामाला होती: तिला भरवायचं, पुसायचं आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. नाहीतर अंगाखालची कातडी सडते. डोरीन आत बसली म्हणून मंदाकिनीही बसली. बारा दिवस.

“दोन तास झाले का गं?” डोरीन विचारते.

“कधीच झाले.”

“मग वळव की मला.”

मंदाकिनी गुडघे टेकते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. डोरीन पूर्वीसारखीच जड आहे. ती वळते, आणि पॅसेजच्या भिंतीच्या जागी साताऱ्याचा एसटी स्टँड उभा असतो. खाली गालिचा तोच. समोर लाल गाडी घरघरते आहे, दार उघडं, पायऱ्या माणसाच्या छातीएवढ्या उंच.

“ही कुठे जाते?” डोरीन विचारते.

“माझ्या घरी.”

“मला कोण चढवणार?”

कंडक्टर दोनदा घंटी मारतो, गाडी निघून जाते, मागे धूळसुद्धा उडत नाही.

“डोरीन, मला एक सांगायचंय.” मंदाकिनी म्हणते. “तेराव्या दिवशी सकाळी तुला पुसताना मी माकडहाडापाशी लाल डाग पाहिला होता. सुपारीएवढा. मला कळलं होतं तो कसला ते.”

“हं.”

“मी कोणाला बोलले नाही. तुलाही नाही. आदल्या संध्याकाळी आमचे हे खाली येऊन उभे होते. म्हणाले, पोलीस आत शिरले तर नाव लिहून घेतील, आपले इथे राहायचे कागद अडकतील, निघ तू. डागाचं सांगितलं असतं तर मला थांबावं लागलं असतं.”

“मला ठाऊक होतं,” डोरीन म्हणते.

“कसं? तुला तर पाठीचं काही कळत नव्हतं.”

“कान तर होते ना? तू बडबडत पुसायचीस. त्या दिवशी मधेच गप्प झालीस. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस, तर आपल्या लोकांनी मला उचलून दवाखान्यात नेलं असतं. मला सही बघायची होती.”

मंदाकिनीच्या छातीवरचा दगड हलल्यासारखा होतो. “म्हणजे तुझा माझ्यावर राग नाही?”

स्टँड नाही आता. तो डाग चिघळून डोरीन जिथे गेली ती दवाखान्याची खोली आहे, जिथे मंदाकिनी कधी गेलीच नाही. पडदे हिरवे आहेत. गालिचा इथेही आहे.

“डागाचा नाही,” डोरीन म्हणते. “जाताना तू म्हणालीस, उद्या येते. तुझ्यानंतर मला वळवायला यायच्या त्या पोरींना मी सांगायचे, मला दाराकडे तोंड करून ठेवा. दुसऱ्या कुशीवर घेऊ द्यायचे नाही. सही झाली, सगळी माणसं गाणी म्हणत खाली उतरली, तेव्हाही मी दाराकडेच बघत होते.”

मंदाकिनीला म्हणायचं असतं, मला माफ कर. तोंडून निघतं, “मी रोहिणीला बाबागाडीत घालून रस्ता ओलांडायचे ना, तेव्हा फुटपाथला तुमच्या व्हीलचेअरसाठी उतार केलेला असायचा. दर वेळी तुझी आठवण यायची.”

“गाडी सुरळीत उतरायची?”

“हो.”

“बरं झालं,” डोरीन म्हणते. त्या बोलण्यात प्रेम नसतं, टोमणाही नसतो. “आता मला दाराकडे वळव, आणि जा.”

मंदाकिनी वळवते. पडद्यांमागे चारही बाजूंना बघते. खोलीला दारच नसतं.

“आई! चहा टाकू का?”

खिडकीतला उजेड भिंतीवर चढला आहे. मंदाकिनी उठून बसते. साडी पोटऱ्यांवर गेली आहे, ती सारखी करायला वाकते आणि थबकते. दोन्ही गुडघ्यांवर खरखरीत गालिच्याची वीण उमटली आहे, लाल, बारीक, चौकटी-चौकटीची. खाली गुळगुळीत सुती चादर. घरात गालिचा नाही. गुडघे टेकून बसणं तिला सात वर्षांत जमलेलं नाही.

रोहिणी दाराशी येते. “अगं, हे काय झालं? लागलं कुठे?”

मंदाकिनी वळांवर बोट फिरवते. कडेच्या रेषा फिकट व्हायला लागल्या आहेत.

“चहा राहू दे. इथे बस आधी,” ती म्हणते. “तुझ्या जन्माआधी मी एका बाईला सोडून आले होते. हे मावळायच्या आत तुला सांगते.”