आधी झोळ्या

आमच्या खाणीवरचे मुकादम दिवा गावचे आगरी. साहेबालाही ते 'तू' म्हणत आणि दगड फोडणाऱ्या वडारालाही 'तू'च. त्यांना हुकूम सोडताना मी फारसे ऐकले नाही. ते विचारत फिरत.

शीळच्या वाटेवरच्या डोंगरात रेल्वेसाठी दगड फोडायचे काम चाले. आगरी, वडार, कोकणी मुसलमान, वरून उतरणारे ठाकूर, सगळे एकाच कड्याखाली. प्रत्येक टोळीचा म्हातारा स्वतः येऊन आपली माणसे बाहेर आली असे सांगेपर्यंत मुकादम सुरुंगाला बत्ती देऊ देत नसत. शुक्रवारी नमाज संपेपर्यंत थांबत. वडारणी तान्ह्या पोरांच्या झोळ्या कड्याच्या सावलीत झाडांना बांधत, त्या तर सर्वांत आधी हलवायच्या. "पयले झोल्या, मंग मानसा," हे त्यांचे रोजचे बोलणे. ठाण्याहून आलेल्या मला, कारकुनाला, हा सगळा वेळकाढूपणा वाटे.

विलायतेहून आलेल्या नव्या साहेबालाही तसेच वाटले. त्याने घंटा टांगली. घंटा झाली की सगळ्यांनी पळायचे, थांबली की बत्ती. मुकादम माझ्याकडे आले.

"तुला सायबाची भाषा येते. त्याला झोल्यांचा सांग. घंटा झाली का बाया भायेर नाय पलनार, झोल्यांकरं पलतील."

साहेब त्या दिवशी चिडलेला होता. मी भ्यालो. मुकादम राजी आहेत, एवढेच इंग्रजीत सांगून बाहेर आलो. त्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी घंटा झाली. सगळे पळाले, चार वडारणी तेवढ्या कड्याकडे धावल्या. मुकादम ओरडत त्यांच्यामागे गेले. घंटा थांबली आणि साहेबाच्या माणसाने बत्ती दिली. दोघी परत आल्या नाहीत, एकीचे पोरही नाही. मुकादमांचा डावा हात गेला.

आठवड्याने मी दिव्याला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसवून त्यांनी विचारले, "सायबाला सांगतला व्हतास ना रं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. म्हातारे आपापल्या टोळीचे सांगत तेव्हाही ते कधी उलटून विचारत नसत. पुढे काही वर्षे ते जगले. मी गेलो की साहेबाला शिव्या घालत आणि मला ताजी मासळी बांधून देत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी लेकाला जवळ बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"ह्या कारकुनानं सांगतला व्हता. सायबानं आयकला नाय."

लेकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.