एसटीच्या रंगाची होडी

ह्यांनी जुनी होडी विकत घेतली तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, चैत्रात रिटायर झाले. रिटायर झालेला माणूस देवळात बसायला लागतो, नाहीतर भावकीशी भांडायला. ह्यांना दोन्हीची आवड नाही. कर्जत तालुक्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, भीमेच्या काठावर आमचं गाव. गावाखाली धरणाचं पाणी पसरलेलं. त्या पाण्यावर पूर्वी एका नावाड्याची लाकडी होडी चालायची. माणसं, शेरडं, सायकली, सगळं तिच्यातूनच ये-जा करायचं. मीसुद्धा मुंडावळ्या बांधून, चिखलाच्या पायांनी त्याच होडीतून सासरी आले, कारण पलीकडच्या काठावर माझं माहेर. पुढे लांबून पूल झाला, घरोघरी मोटारसायकली आल्या आणि होडी काठावरच्या बाभळीखाली उपडी पडली. तिच्याखाली कुत्री व्यायची. ती होडी ह्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आमच्या अंगणात आणली.

"काय करनार हिचं?" मी विचारलं.

"मासं धरीन."

काटा घशात अडकेल म्हणून ह्या माणसाने जन्मात मासा खाल्लेला नाही. मी कपाळावर हात मारला आणि आत गेले.

इथे आईबद्दल सांगायला हवं. माझी आई ऐंशीच्या पुढची. तिला गाडी लागते. बस असो की जीप, पहिल्याच वळणाला ओकाऱ्या सुरू. पुलावरून आमच्याकडे यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून होडी बंद पडल्यापासून ती आमच्याकडे आलेलीच नव्हती. आम्ही नवं घर बांधलं, तेही तिने पाहिलेलं नाही. पण खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्यात जुनी रीत आहे, लेकीच्या पोटी मूल येईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बाकीच्या लेकींच्या आईबापांचं दोन-तीन वर्षांत भागतं. मला मूल झालंच नाही. चौतीस वर्षं झाली लग्नाला. होडी चालू होती तेव्हा आई यायची ती स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन. नंतर तांब्याची बाटली झाली, एवढाच काय तो फरक. फडक्यात घरची भाकरी आणायची, ओट्यावर बसून खायची आणि दिवस मावळायच्या आत परत. मी आत चुलीपाशी बसून तिला ऐकू जाईल अशी भांडी आपटायचे.

मी अंगणवाडीत काम करते. अर्ध्या गावाने लहानपणी माझ्या हातची खिचडी खाल्लेली आहे. मिशा फुटलेले बाप्ये आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. एका माझ्या आईने तेवढं माझ्या घरात माझ्या हातचं कधी काही खाल्लं नव्हतं. हे मला मरेपर्यंत डाचत राहणार, असं मी धरून चालले होते.

तर होडी. ह्यांनी उन्हाळाभर तिच्यावर मेहनत घेतली. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस, लाकूड म्हटलं की वाळलं पाहिजे, एवढं पक्कं ठाऊक. नांगराचं लाकूड वाळवतात, कुळवाचं वाळवतात. ह्यांनी होडी वाळवली. वैशाखाच्या उन्हात उताणी, मग उपडी, मग कुशीवर. पावसाळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली. थेंब लागू दिला नाही. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, त्यात बसच्या बॉडीला भरतात तशी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून पॉलिश पेपर मारला. मग रंग. रंग कोणता, तर एसटीचा लाल, मधोमध पिवळा पट्टा. गावातली माणसं अंगणासमोर उभी राहून विचारायची, "यष्टी कुठवर जाती? थांबा हाय का?" हे गालातल्या गालात हसायचे. शेवटी मधल्या फळीवर त्यांनी पांढऱ्या रंगात, बसमध्ये असतं तसं, नीट वळणदार अक्षरात लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव'.

"ज्येष्ठ कोन? तुमी का?" मी म्हणाले. "डोकं तर न्हाई झालं ज्येष्ठ."

ह्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि विषय बदलला.

घटस्थापनेच्या दिवशी होडी पाण्यात सोडली. मी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. निम्मं गाव काठावर. चौघांनी ढकलली, हे ऐटीत वल्हं घेऊन बसले आणि आमच्या टाळ्या वाजवून होतात न होतात तोच होडी खाली बसायला लागली. लांबी पापडासारखी सुटून पाण्यावर तरंगत होती. हे मांड्यांपर्यंत पाण्यात, हातात वल्हं, डोक्यावर टोपी, आणि बुडणाऱ्या फळीवरची 'राखीव' ही अक्षरं हळूहळू दिसेनाशी होताहेत. लोक पोट धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण हे बाहेर आले आणि कोणाकडे न बघता टोपी पिळायला लागले, तेव्हा मला माझ्या हसण्याचा राग आला.

ज्याच्याकडून होडी घेतली तो म्हातारा नावाडी गर्दीतच होता. तो पुढे आला, फळीवरून हात फिरवला.

"बापू, उन्हात वाळवली व्हय तुमी हिला?"

"सा म्हैनं," हे अभिमानाने म्हणाले.

"होडी हाय का कुरडई?" म्हातारा म्हणाला. "लाकूड तहानलंय बापू. आमी तर उन्हाळ्यात होडी मुद्दाम बुडवून ठिवायचो. आधी पोटभर पानी पिऊ द्या तिला, फळ्या फुगून एकमेकीला धरत्याल. मग बाहीरचं पानी आत यायाचं न्हाई."

मग त्याने कामच हातात घेतलं. सगळी लांबी खरवडून काढायला लावली. भेगांमध्ये राळेत आणि तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला. आणि नंतर कंबरभर पाण्यात नेऊन होडीत दगड भरायला सांगितलं. सहा महिने पोटच्या पोरासारखी जपलेली वस्तू हे स्वतःच्या हातांनी बुडवत होते. एकेक दगड असा ठेवायचे की जणू तिला लागेल. शेवटी पिवळा पट्टासुद्धा पाण्याखाली गेला.

मी काठावर उभी होते. म्हातारा माझ्याशेजारी येऊन विडी पेटवत म्हणाला, "आठ दिस कड काढा, ताई. होईल झ्याक. सासूबाईला आनायची हाय, होडी पायजे म्हनून बापूंनी माझ्या दारात किती खेटं घातलं. मी म्हनलं, अवो नवी फायबरची घ्या. तर म्हनं, न्हाई, मामींना हीच होडी ठावं हाय. दुसरीत बसायच्या न्हाईत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्यात उभे राहून शेवटचा दगड कुठे ठेवावा याचा विचार करत होते. सहा महिने मी ह्या माणसाला काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. घरी जाऊन हुलग्याचे शेंगोळे केले, ते ह्यांना जिवापाड आवडतात. "आज काय विशेष?" हे म्हणाले. "हुलगं संपवायचं हुतं," मी म्हणाले.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं रोज सकाळी किटलीत चहा घेऊन काठावर जायचो आणि बुडालेल्या होडीकडे बघत तो प्यायचो. पाण्याखाली लाल रंग अंधुक दिसायचा. नवव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली ती जड, गच्च. भेगा शोधून सापडेनात. तरी पहिले काही दिवस थोडं पाझरायचंच, म्हणून हे एक पत्र्याचा डबा होडीत ठेवायचे आणि दर फेरीला पाणी उपसून टाकायचे. दिवाळीनंतर तेही थांबलं. डबा मात्र होडीतच राहिला.

मार्गशीर्षात आईला आणलं. मी आणि हे दोघंही गेलो होतो. होडी बघून ती काठावर थबकली. "रंग असा का?" एवढंच म्हणाली. ह्यांनी हात धरून मधल्या फळीवर बसवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी फळीवरची अक्षरं वाचून दाखवली, तर पदर तोंडाला लावून हसत राहिली. तिला ना ओकारी आली, ना चक्कर.

नवं घर तिने सगळं फिरून पाहिलं. देवापुढे हळदीकुंकू ठेवलं, भिंतींवरून हात फिरवला. मी पुरणपोळी केली होती. का केली होती कोण जाणे. मनात कुठेतरी वाटलं असेल, आता ही एवढ्या वर्षांनी आलीय, आता तरी. मी ताट वाढून आणलं. ती ओट्यावर बसली होती आणि पिशवीतून बाटली काढत होती.

माझा तोल सुटला.

"अजून, आई? अजून?" मी म्हणाले. "चौपन्न वर्षांची झाले मी. केस पिकलं. आता कुठलं मूल आन कसलं काय! मूल झालं न्हाई ह्यो काय माझा गुन्हा हाय? ह्या मानसानं तुझ्यासाठी सा म्हैनं लाकडं घासली, आन तुला घोटभर पानी चालत न्हाई हितलं!"

हे उठून गोठ्याकडे गेले. आईने बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवून दिली. आमचं पाणी नाही, तर स्वतःचंही नाही. दुपारभर ती तशीच तहानलेली बसून राहिली, आणि मला स्वतःच्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटलं.

ऊन उतरल्यावर तिला सोडायला निघालो. भावाच्या नातवंडांसाठी मी पोळ्या फडक्यात बांधून घेतल्या, माझी पाण्याची बाटली घेतली. वल्ह्याचा आवाज तेवढा होता. पलीकडचा काठ जवळ आला तशी आई मान वळवून टेकडीवरच्या देवळाकडे बघायला लागली, मग काठावरच्या चिंचेकडे.

"जावईबापू, थांबवा," ती एकदम म्हणाली. "जरा डावीकडं घ्या. बास. हितंच."

देऊळ आणि चिंच एका ओळीत आली होती.

"ह्याच्या खाली आपलं घर हाय," आई मला म्हणाली.

माहेरचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी तिसरीत होते. दुष्काळात पाणी हटलं की पडक्या भिंती वर येतात आणि आई त्या बघायला जाते, हे मला माहीत होतं. पण भरल्या पाण्यावरूनही तिला घर सापडतं, हे माहीत नव्हतं.

"दोन खन, पुढं वटा. जातं तितंच ऱ्हायलं, लई जड हुतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला वाटतं मी रीत पाळती. रीत गेली खड्ड्यात. पर मी तुझ्या घरचं पानी पेले असते, तर हिला आता मूल व्हनार न्हाई असं मीच म्हनल्यागत झालं असतं. आईनंच कसं म्हनायचं ते? जग म्हनू दे, डागदर म्हनू दे. मी न्हाई म्हनले."

चौतीस वर्षं मी जी हेटाळणी समजत होते, ती तिची आशा होती. सगळ्यांनी सोडून दिलेली, मीसुद्धा सोडून दिलेली.

"आता मी काय तुझ्या घरात न्हाई," आई म्हणाली. "तूच माझ्या घरात हायेस. सोड ते फडकं."

मी फडकं सोडलं. आईने पुरणपोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली. मग माझी बाटली मागून घेतली आणि गटागटा प्यायली, सकाळपासूनची तहान. बाटली खाली ठेवून म्हणाली, "येलची जरा कमी पडली." आणि दुसरा तुकडा मोडून माझ्या तोंडापुढे धरला. "घे. म्हायेराला आलीयस."

मी तो खाल्ला. रडत रडत खाल्ला, लपवायचं काय त्यात.

हे आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं, पत्र्याचा डबा उचलला आणि खाली वाकून भराभरा पाणी उपसायला लागले. होडीत तेव्हा थेंबभर पाणी नव्हतं.