डाव्या डोळ्याखालचा थेंब

कलादालनात सगळे त्यांना ‘थेंबवाले’ म्हणत. कागदोपत्री पद चित्र-मार्गदर्शकाचं, तेही कंत्राटी. दर वर्षी मुदत वाढायची, आणि ती वाढेपर्यंत त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

दालनात चित्रं ढिगाने होती. लोक यायचे ते एकासाठी. एका अभिव्यक्तिवादी चित्रकाराने स्वतःच रंगवलेला स्वतःचा चेहरा. वाकडं नाक, हिरवट गाल, डोळ्यांभोवती काळोख, आणि डाव्या डोळ्याखाली ओघळता ओघळता थबकलेला एक तपकिरी थेंब.

थेंबवाले आधी चष्म्याच्या दुकानात विक्रेते होते. मेहुण्याच्या ओळखीने इथे चिकटले. एका जुन्या माहितीपत्रकातले चार शब्द उचलून, त्यांना पदरचं तिखटमीठ लावत त्यांनी व्याख्यान तयार केलं. हिरवा गाल म्हणजे कुजत चाललेला समाज. काळोख म्हणजे ते युग. नाक वाकडं, कारण सत्य कधी सरळ नसतं. मग ते आवाज खाली आणत, मागे न बघता बोट थेंबावर नेत आणि म्हणत, “त्याने जगाला रंग दिले. जगाने त्याला हा एवढाच दिला.” इथे बायका रुमाल शोधायच्या आणि पुरुष छताची पाहणी करायचे.

ही खोड घरीही गेली. मेहुणीने एकदा हौसेने मुलाचा सायकलवरचा फोटो दाखवला. थेंबवाले म्हणाले, “डावा खांदा बघ. आत काहीतरी मोडलंय.” बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं. मोडलं होतं ते सायकलचं हँडल. तेव्हापासून ते आले की आल्बम कपाटात जायचे.

मग दालनाला नवे अध्यक्ष आले. त्यांचा फरश्यांचा कारखाना होता, त्यामुळे स्वच्छतेवर भारी जीव. त्यांनी ते चित्र साफ करायला पाठवलं आणि वर जाहीर केलं, “रविवारी मी स्वतः व्याख्यान ऐकेन. मग ठरवू, माणूस ठेवायचा की कानाला लावून माहिती ऐकायची यंत्रं आणायची.”

शनिवारी चित्र परत आलं. थेंबवाले बघायला गेले आणि त्यांची पाचावर धारण बसली. भिंतीवर एक गुलाबी, खाऊनपिऊन सुखी दिसणारा गृहस्थ होता. साफसफाई करणारी बाई खाली बसून सामान आवरत होती.

“ताई, थेंब कुठाय?”

“कुठला? हां, तो! व्हार्निशचा ओघळ होता. काढला.”

“आणि काळोख?”

“खालच्या उपाहारगृहाचा धूर हो. कापसाच्या बोळ्याला अजून तळणाचा वास येतोय.”

“हिरवा गाल तरी?”

“व्हार्निश जुनं झालं की पिवळं पडतं. खाली जराशी निळी छटा होती, झालं हिरवं.”

“नाक?”

“नाक त्याचंच आहे.”

ते तिच्या जवळ सरकले. “टिपकाभर परत लावता नाही का येणार? कोणाला कळणार नाही.”

“काका, मी पुसायचं काम करते. रडवायचं नाही.”

घरी बायको शिलाई यंत्रावर वाकली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “अहो, पण इतकी वर्षं तुम्हाला दिसलं कसं नाही?”

“माझी पाठ असते गं त्याच्याकडे! बोलताना लोकांकडे तोंड नको?”

“मग उद्याही पाठच करा.”

सल्ला सोन्यासारखा होता. रविवारी थेंबवाल्यांनी तेच व्याख्यान लावलं. हिरवा गाल म्हणाले, आणि लोकांनी गुलाबी गालाकडे बघून गंभीरपणे माना डोलावल्या. काळोख म्हणाले, तर मागे कोणीतरी उसासा टाकला. अध्यक्षही डोलत होते. थेंबवाल्यांना हुरूप आला. आवाज खाली आला, बोट नेहमीच्या जागी गेलं. अध्यक्ष चष्मा सावरत पुढे झाले आणि नाक चित्राला टेकेल इतके वाकून शोधू लागले.

संपलं. उद्या आपल्या जागी खुंटीला लोंबणारी यंत्रं. या वयात चष्म्याच्या दुकानात तरी कोण उभं करणार? पुढचं वाक्य राहूनच गेलं. शांतता पसरली, आणि थेंबवाल्यांच्या डोळ्यांतून खरंच घळकन पाणी आलं.

अध्यक्ष सरळ झाले. “वा! थेंब चित्रात दाखवायची गरजच काय? तो सांगणाऱ्याच्या डोळ्यात हवा!” टाळ्या थांबेनात.

यंत्रं रद्द झाली. नोकरी कायम झाली, अट एकच: प्रत्येक व्याख्यानात ती शांतता आणि तो अश्रू, जसाच्या तसा. फलकावर तसं छापूनही आलं. त्या दिवशी थेंबवाले पोटभर जेवले आणि आडवे होताच घोरू लागले.

पुढच्या व्याख्यानाला दालन खच्चून भरलं. थेंबवाले त्या जागी आले, थांबले, बोट उचललं. कंत्राट आठवून पाहिलं, पण ते आता नव्हतं. यंत्रं आठवली, तीही यायच्या आधीच रद्द झाली होती. गेलेल्या सासऱ्यांना आठवून पाहिलं, पण ते कधी आवडलेच नव्हते. समोर लोक रुमाल सरसावून ताटकळले होते, आणि नोकरी पक्की झालेल्या माणसाचं तोंड काही केल्या ऐकेना. ते हळूहळू, कानापर्यंत, हसू लागलं.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल डोळ्याला लावला आणि नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, “बघा, हसतोय. आत किती असेल!”