बटाट्याचा शिक्का

शाळेचं पत्र आलं. निबंधाच्या बाई निवृत्त होताहेत, माजी विद्यार्थिनींनी त्यांच्याबद्दल दोन पानं लिहून पाठवावीत. ताईने पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. ती कुरियरच्या गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवते. वीस वर्षांत सामानाच्या यादीपलीकडे तिने काही लिहिलेलं नाही. तेव्हा मीच लिहिते. मी धाकटी, मला कोणी विचारलेलं नाही, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ताई पंधराची होती तेव्हा बाई म्हणतील ती पूर्व दिशा. निबंधात ‘एक बाई’ लिहिलं की समासात लाल शाईने प्रश्न, ‘कोण?’ ‘खोली’ लिहिलं की ‘केवढी?’ ताईला ते वेडच लागलं. मी पोट दुखतंय म्हणून रडायला लागले तरी ही आधी विचारणार, ‘नेमकं कुठे?’

आई मोठ्या दवाखान्यात चादरी धुवायच्या कामावर होती. बाद झालेल्या चादरी जाळायच्या असा तिथला नियम. आई त्यातली एखादी धडशी पिशवीत घालून घरी आणायची आणि आम्हा दोघींचे पेटीकोट शिवायची. ‘माझी आई’ या निबंधात ताईने आधी नुसतं ‘जुन्या कापडाचे’ असं लिहिलं होतं. लाल शाई आली, ‘कुठलं कापड?’ ताईने दवाखान्याचं नाव घातलं. ‘कशावरून?’ ताईने काठावरचा निळा शिक्का लिहिला. बाईंनी ताईला स्टाफरूममध्ये बोलावून पेटीकोटावरचा तो शिक्का स्वतः पाहिला, तिची पाठ थोपटली, आणि निबंध बक्षीस मिळवून वार्षिक अंकात पहिल्या पानावर आला.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांची मुलगी आमच्याच शाळेत. अंक त्यांच्याही घरी गेला. आठवड्याभरात आईला घरी बसवलं. वडील नव्हते, कमावती ती एकटीच.

ताई बाईंकडे गेली, मी मागोमाग. ताई म्हणाली, “बाई, निबंध काल्पनिक आहे असं दोन ओळींत लिहून द्याल का? शाळेने लिहून दिलं तर साहेब आईला परत घेणार आहेत.”

बाई वह्या तपासत होत्या. “अगं, तो खरा आहे म्हणून तर चांगला आहे. मी खोट्यावर सही कशी करू? खऱ्याची किंमत मोजावी लागते, बाळ.”

मोजणार होती आमची आई. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

मग ताईने स्वतःच साहेबांना पत्र लिहिलं: ‘कापड जुन्या बाजारातून आणलं, विकणारीचा अंगठा भाजलेला होता. शिक्का मीच उमटवला, बटाटा कापून, निळ्या शाईत बुडवून. पहिल्यांदा अक्षरं उलटी आली म्हणून दुसरा बटाटा घेतला. हे सगळं बक्षिसासाठी केलं, आईला यातलं काही माहीत नाही.’ साहेबांना पटलं. आई सोमवारी कामावर गेली.

ते पत्र साहेबांकडून शाळेतही पोचलं, आणि शाळेने मात्र सोडलं नाही. मुख्याध्यापकांनी ताईला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, ‘मी खोटारडी आहे’ असं तिच्याकडून वदवून घेतलं आणि बक्षीस काढून घेतलं. पुढच्या तासाला बाई म्हणाल्या, ज्यांना खरं लिहायचं नाही त्यांनी माझ्या वर्गात बसू नये. ताईने दप्तर उचललं, ते कायमचंच. मला आजही त्या बाईंचा राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, “बटाट्याचं कसं गं सुचलं तुला?”

“बाई म्हणायच्या, एक बारीकशी गोष्ट नेमकी लिहिली की वाचणाऱ्याला बाकीचं पटतं.”

“मग बाईंनाही पटलं?”

“त्यांनी खरा शिक्का पाहिलाय, आई. दोन बोटांत धरून.”

आईचा घास हातातच राहिला. “आणि तुला खोटारडी म्हणायला लावलं तेव्हा त्या कुठे होत्या?”

ताई म्हणाली, “पहिल्या रांगेत. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर.”