पाणी पिणारं हरीण

मंडळी, आज दुपारपासून मला स्वतःचीच किळस येतेय.

पडेगावातल्या घरी टँकरची वाट बघत मी मोबाईलवर शिकारीचा गेम खेळत होतो. फुलंब्रीजवळच्या गावाहून आलेली थोरली बहीण, आक्का, शेजारी बसून बघत होती. निळंशार तळं, काठावर हरीण.

"थांबलास कशाला?" तिनं विचारलं.

"पाणी प्यायला मान खाली घातल्यावर मारलं की दुप्पट पॉइंट मिळतात."

हरणानं मान खाली घातली. मी गोळी झाडली. मेलेल्या हरणासोबत फोटो काढायची सोय आहे, तोही काढला.

आक्काच्या गावात टँकर आला की पहिली घागर शिवारातल्या हौदात ओततात, हरणांसाठी.

"पाणी तरी पिऊ द्यायचं व्हतं रे त्याला," ती म्हणाली.

"आक्का, खोटं हरीण आहे ते."

"हरीण खोटं असंल. तू लई खूश झाला व्हतास, ते बी खोटं का?"

टँकर आला, हंडे भरले. तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

गेम काढून टाकलाय. पण ती मान खाली जायची वाट बघताना मला खरोखर मजा येत होती. ती कशी काढून टाकायची, सांगेल का कुणी?