नूरआपाचा सावकाश हात

नूरजहाँला पहिल्यांदा बघून अरुणाला वाटलं होतं, ही बाई पक्की कामचुकार. आता आठवलं की ती स्वतःच खुदकन हसते. हसू दे, हसण्यासारखंच होतं ते.

पंच्याण्णव साल, महापेची एक छोटी प्रयोगशाळा. अरुणा तिथली संशोधक, अठ्ठावीस वर्षांची, पायाला चाकं लावल्यासारखी धावणारी. नूरजहाँ तळोज्याहून येणारी नवी मदतनीस, चाळिशीची, आठवड्याभरात सगळ्यांची नूरआपा झालेली. आपा साधी नळी उचलायची ना, तर झोपलेलं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर घ्यावं तशी. तोवर आपली अरुणा चार नळ्या गदागदा हलवून मोकळी.

अरुणाला डीएनएचा लांबलचक रेणू अख्खा बघायचा होता. त्याला चमकणारा रंग लावायचा, कोमट जेलमध्ये मिसळून काचेवर पसरायचा, मग वीज सोडायची. जेलच्या जाळीतून तो वाट काढत कसा सरकतो, ते मायक्रोस्कोपखाली बघून टेपवर घ्यायचं. मायक्रोस्कोप उसना आणलेला, शुक्रवारी परत जाणार. टेप झाली नाही तर तीन वर्षांचं काम अर्धवट. आणि तीन आठवडे दिसत काय होतं? नुसते ठिपके, सांडलेल्या मोहरीसारखे.

बुधवारी ती अंधाऱ्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आली. आपाने पाणी दिलं, ती ग्लास संपवेपर्यंत थांबली, मग विचारलं, "मॅडम, धागे एवढे लांब हायत, तर तुमी त्यांना बारीक टोकातून सुर्रकन का ओढता? तुटनार नाय तर काय?"

आपाच्या घरी ईदला शेवया उचलताना हिसका दिला की तुकडे व्हायचे, आणि मग सासूचं दिवसभर ऐकावं लागायचं. अरुणाला राग आला. लांब रेणू जोरात ओढला की तुटतो, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं, घाईत हातच विसरला होता. तेच जास्त झोंबलं.

गुरुवारी आपाने थेंब ओढायच्या नळीचं, पिपेटचं, निमुळतं टोक कात्रीने कापून रुंद केलं. थेंब इतका हळू सोडला की अरुणाने ओठ चावले, पण घड्याळाकडे काही बघितलं नाही. वीज सोडली. काळ्या पडद्यावर एक पांढरा गोळा हलला, उलगडला आणि लांबच लांब दोरा होऊन चालू लागला. अख्खा. अरुणाने आपाचा हात गच्च धरला. आपानेही तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात दोरा मधोमध अडकला, खुंटीवर टाकलेल्या ओढणीसारखा. दोन्ही टोकं एकाच बाजूला लोंबत.

"डावं टोक जिंकणार, उजव्याला ओढून नेणार," अरुणा म्हणाली. "लांब आहे ते."

"उजवं. त्याच्या टोकाला गुंता चमकतोय बघा. जास्तीचा दोरा तिथंच गुंडाळलाय."

हरेल तिने दिवसभराच्या काचा धुवायच्या, असं ठरलं. उजवा गुंता हळूहळू सुटला, लांबला आणि डाव्या टोकाला मागे खेचत घेऊन निघाला. अरुणा म्हणे, मला नीट दिसलंच नाही. टेप मागे नेली. एकदा नाही, दोनदा. टेपही आपाच्याच बाजूची निघाली.

आपाने काचांची ताटली तिच्यासमोर सरकवली.

"सावकाश धुवा हां, मॅडम."