तिसरी हाक

कालिंदीबाई तुळपुळ्यांना हाक मारायची तर तीनदा मारावी लागे. बहिऱ्या होत्या म्हणाल, तर छे! जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून नोकरी केलेली बाई. पलीकडच्या माणसानं आवंढा गिळला तरी यांना ऐकू जाई. पण घरात पाठीमागून कुणी हाक मारली, की बाई ढिम्म. दुसऱ्या हाकेलाही ढिम्म. तिसरी आली की मग, "आले, आले!"

हे खूळ बिनूमाशीचं. कालिंदीबाईंचे वडील कलकत्त्याला रेल्वेत होते, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्येच बाईंचा जन्म. बिनूमाशी, म्हणजे बिनूमावशी, घरकामाला यायची आणि पोरीला कडेवर घेऊन घाटापर्यंत फिरवून आणायची. तिनंच सांगितलं, की निशी म्हणून एक असते. ती आपल्याच माणसाच्या आवाजात नावानं हाक मारते. जो ओ देतो तो झोपेत चालल्यासारखा तिच्यामागून निघतो आणि मग गंगेच्या चिखलात सापडतो, नाहीतर सापडतच नाही. पण निशीला हाक दोनदाच मारता येते. तिसरी ऐकू आली तर समजावं, माणूस खरा. "काहीतरी भरवू नकोस पोरीच्या डोक्यात," असं आई करवादायची. पण भरलं ते भरलं!

पुढे लग्न झालं. भालचंद्र तुळपुळे पुण्याहून बँकेच्या बदलीवर आले आणि डमडमला घर करून इथलेच होऊन गेले. बायकोचं हे खूळ कळल्यावर त्यांना कोण आनंद! सकाळ-संध्याकाळ बाल्कनीतून सुरू: "कालिंदी. कालिंदी. अगं कालिंदी!" तिसऱ्या हाकेतलं ते 'अगं' खास त्यांचं. त्यांचं स्वतःचं खूळ वेगळंच होतं, ते म्हणजे 'ळ'. कलकत्त्यात सगळे त्यांना तुलपुले म्हणत, आणि हे बँकेत, पोस्टात, मिठाईच्या दुकानात उभे राहून लोकांना शिकवत, "तुलपुले नव्हे हो, तुळपुळे! जीभ अशी वर वळवा." एकाची जीभ वळेल तर शपथ. करोनानंतरच्या हिवाळ्यात ते गेले, आणि कालिंदीबाईंच्या कानावर 'ळ' पडायचाच बंद झाला. लेक नूपुर कलकत्त्यात वाढलेली, तीसुद्धा 'ल' आणि 'ळ' यांच्या मधलंच काहीतरी म्हणे.

मग कालिंदीबाईंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, आले. वर्षभर बरं गेलं आणि पुन्हा फुप्फुसात ठिपके दिसले. तेव्हा गाठीची आणखी एक तपासणी झाली. रिपोर्टवर लिहिलेलं होतं, मायक्रोसॅटेलाइट स्टेबल.

"स्टेबल! म्हणजे बरंच की गं," कालिंदीबाई म्हणाल्या. बाईंना हायसं वाटलं.

नूपुरचा चेहरा पडला. "आई, हा तसा स्टेबल नाही आहे. दुसरा टाइप असता तर एक चांगलं औषध लागू पडतं. तुला ते एकटं लागू नाही पडेल." तिचं मराठी असं बंगालीच्या वळणानं जायचं. "शरीराचे पहारेकरी असतात ना, ते या कॅन्सरला ओळखतच नाहीत. त्यांना वाटतं, हा घरचाच आहे."

"म्हणजे तो आपल्या माणसाच्या आवाजात बोलतो म्हण की."

"हो, तसंच समज."

त्याच दिवशी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावताना बाल्कनीतून भालचंद्रांचा आवाज आला. "कालिंदी." जरा थांबून, "कालिंदी." हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. तिसऱ्या हाकेसाठी बाई कान देऊन उभ्या राहिल्या. ती आली नाही. बाल्कनीत दोरीवर टॉवेल वाळत होता, बाकी कुणी नव्हतं.

नूपुरनं मात्र कंबर कसली. कॉलेजातून आली की लॅपटॉप उघडून बसे. नव्या औषधांच्या चाचण्या कुठे चालल्या आहेत, त्याची सरकारी नोंद असते, ती धुंडाळे. एक चाचणी निघे, ती नेमकी दुसऱ्या टाइपसाठी. एक मुंबईत, एक दिल्लीत. एकीत यांचं वय बसेना, एकीत आधीची किमो आड येई. शेवटी बायपास रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलात एक सापडली, अगदी याच टाइपसाठी. दोन औषधं एकत्र देऊन पहारेकऱ्यांना जागं करता येतं का, ते बघणार होते. जागा थोड्या, आणि अट कडक: लिव्हरमध्ये काही पसरलेलं असता कामा नये. किमोचे उपाय संपत आले होते, त्यामुळे आता सगळी भिस्त या एका जागेवर होती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा प्रयोग आहे, माशिमा. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो. तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता."

"आणि हा माझ्या आतला, तो केव्हा सोडून जाईल?" कालिंदीबाईंनी विचारलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी संमतीचे कागद पुढे सरकवले.

मग रक्त काढलं, गाठीचा ताजा तुकडा घेतला, स्कॅन झाला. प्रश्नांची सरबत्ती झाली. त्यात एक प्रश्न होता, भास होतात का, आवाज वगैरे ऐकू येतात का? हो म्हणावं तर जागा जायची. "आवाज? अहो, जन्मभर आवाजच ऐकले मी, एक्स्चेंजमध्ये होते!" सगळे हसले आणि प्रश्न पुढे सरकला.

आवाज मात्र रोज येत होता. कधी बाल्कनीतून, कधी न्हाणीघराच्या बंद दारामागून, एकदा तर भर दुपारी उशाशी. दोनदा, फक्त दोनदा. आणि खरं सांगायचं तर बाईंना भीतीपेक्षा मोह जास्त पडायचा. किती दिवसांनी कुणी नावानं हाक मारत होतं! इतर सगळ्यांच्या लेखी त्या आई, माशिमा, नाहीतर पेशंट. एक 'ओ' तोंडातून गेली की सगळी कटकट मिटणार होती. त्या पदराचा बोळा तोंडात धरून बसत.

स्कॅनचा निकाल कळायचा होता त्या दिवशी मायलेकी सकाळीच हॉस्पिटलात जाऊन बसल्या. नूपुर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला खाली गेली. हॉल माणसांनी भरलेला. भिंतीवरच्या स्पीकरमधून एक बाई नावं पुकारत होती, प्रत्येक नाव दोनदा, आणि लोक उठून जात होते.

"कालिंदी तुळपुळे."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज त्या बाईचाच होता, पण 'ळ'! दोन्ही 'ळ' लख्ख, जीभ वर वळवून म्हटलेले. कलकत्त्यात कोण असा 'ळ' म्हणणार?

"कालिंदी तुळपुळे."

हॉलच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार होता. फिनेलच्या वासातून घाटावरच्या चिखलाचा ओला वास आला, लहानपणी बिनूमाशीच्या कडेवरून यायचा तसा. बाई आपोआप खुर्चीतून उठू लागल्या. त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि वाट पाहिली. स्पीकरवर पुढचं नाव आलं, कुणीतरी उठून गेलं.

नूपुर वर आली तेव्हा आई घामानं भिजलेली. "पुकारलं मला. दोनदाच पुकारलं. मी नाही गेले."

नूपुरच्या डोक्यात तिडीकच गेली. "नाही गेली? आई, तू वेडी आहे? ही जागा गेली तर मी कुठून आणू दुसरी?" बोलता बोलता तिला रडूच फुटलं. कालिंदीबाईंना वाटलं, झालं, आपल्या खुळापायी आपण पोरीच्या कष्टांवर पाणी ओतलं. मान वर करायची सोय राहिली नाही.

"तुलपुले माशिमा!" मागून आवाज आला. "तुलपुले माशिमा! ओ माशिमा, शुनछेन? ऐकताय ना?"

तिसरी हाक. आणि 'ल', तोही दोन्हीकडे! एवढा गोड 'ल' बाईंनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्या ताडकन उठल्या. चाचणीचं काम बघणारी पौलमी फाइल घेऊन धावत येत होती. "लिव्हर एकदम परिष्कार, साफ, काही नाही त्यात! तुम्ही चाचणीत आलात. परवा पहिला डोस."

"पण तुम्ही मघाशी पुकारलंत ना?" नूपुरनं डोळे पुसत विचारलं.

"मी? रिपोर्टच आत्ता आला. नाव अजून काउंटरला दिलंच नाही."

नूपुरनं आईकडे पाहिलं. टोकाचं ते दार आता बंद होतं, आणि बाहेरून कुलूप होतं.

पहिल्या डोसच्या दिवशी खिडकीजवळची आरामखुर्ची मिळाली. हाताला सुई, वर बाटली, थेंब थेंब पडतोय. नूपुर शेजारी स्टुलावर. बाहेर बायपासवर लख्ख ऊन, बसचे हॉर्न. लेक शेजारी असताना कोण येतंय, म्हणून कालिंदीबाई निर्धास्त होत्या.

"कालिंदी."

खुर्चीच्या अगदी मागून. बाईंनी डोळे मिटले.

"कालिंदी."

झालं, आता संपेल. नेहमीसारखं. त्यांनी श्वास सोडला.

"अगं कालिंदी!"

तिसरी. आणि ते 'अगं'. निशीला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणजे हे तेच होते. रोज संध्याकाळी बाल्कनीत तेच येऊन उभे राहत असतील, आणि आपण दाराआड तोंडात पदर कोंबून बसत होतो! बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चाळीस वर्षांची सवय, 'आले, आले' ओठांपर्यंत आलं. एक पाय खाली उतरला. सुई ओढली गेली आणि हातातून कळ आली.

'आले' त्यांनी गिळलं.

"ऐकलं हो," त्या मागं न बघता हळूच म्हणाल्या. "पण आज नाही येत. रागावू नका. इथे नाव लागलंय माझं."

मागचा पडदा जरासा हलला, मग थांबला.

"आई, कुणाशी बोलते?" नूपुर घाबरून उभी राहिली.

"तू हाक मार मला."

"काय?"

"मार गं. तीनदा."

नूपुरला काही कळेना, पण आईचा चेहरा बघून तिनं वाद घातला नाही. "आई," ती म्हणाली. "आई." तिसऱ्या वेळी ती आईजवळ वाकली. "अगं आई!"

"आले," कालिंदीबाई म्हणाल्या आणि सुई नसलेल्या हातानं त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. "आले गं, आले."